गच्चीवरील जहागिरी

चैत्री पाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच आमच्या करवीरनगरीतील सुशिक्षित गृहस्थाच्या अंतःकरणात जो कृषिधर्म जागृत होतो, त्याचा उगम वसंतागमात नसून गच्चीच्या रिकामेपणात आहे, असे आमचे नम्र मत आहे. कुंभारगल्लीतून चार कुंड्या आणाव्यात, धणे चुरडून दुभंग करून रात्रभर भिजवून पेरावेत, गवती चहाशेजारी पुदिन्याच्या काड्या खोचाव्यात आणि पाणी घालण्याच्या वहिवाटीवरून घरात तंटा माजवावा, हा सालाबादचा शिरस्ता. धणे उगवावयास आठ-दहा दिवस लागतात. त्या मुदतीत मालक रोज तीनदा पाहणी करून येतो. पुढे उन्हाचा अंमल बसताच मुळात थंडीची लाडकी असलेली कोथिंबीर चार पाने हजर करून तुऱ्यावर येते आणि वैराग्य पत्करते; पुदिना मात्र मातीखालून हातपाय पसरीत गवती चहाच्या हद्दीत बिनदिक्कत अतिक्रमण करतो.

रविवारी तांबडा रस्सा उकळू लागला, की या जहागिरीचा वसूल दाखल होतो : पाने सात, पैकी किडकी दोन. तो वसूल गृहिणी गांभीर्याने पातेल्यात सोडते आणि मुलाला मुकाट्याने कपिलतीर्थ मंडईत जुडी आणावयास पिटाळते. ज्या नगरीत १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवून शेतमालास बाजार मिळवून दिला, तेथील नागरिकाने मंडईशी असे वैर मांडावे आणि शेवटी तिलाच शरण जावे, यासारखा उत्तम भूमिकर आम्हांस तरी ठाऊक नाही.