बॉनेट उघड जरा

चुडाव्यात कुणाच्या दारात गाडीचा सेल्फ दोनदा खर्रर्र करून गप्प झाला, की तिसऱ्यांदा किल्ली फिरायच्या आत आबा हजर. बोलावणं लागत नाही. हातात दहा-अकराचा पाना, खांद्यावर एके काळी पांढरा असलेला पंचा आणि तोंडात एकच वाक्य: "बॉनेट उघड जरा."

आबांचं गॅरेज नाही, दारावर पाटी नाही, पैसे ते घेत नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे घेणारा मिस्त्री गाडी चालू झाली की हात पुसून निघून जातो. आबांचं काम गाडी चालू झाल्यावर सुरू होतं.

माणसाला कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. "पेट्रोल गाडीला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, ठिणगी," हे ते शाळेतल्या पोरांनाही सांगतात. पण त्याआधी हॉर्न वाजवायला लावतात. हॉर्न कण्हला की बॅटरी. मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, क्लॅम्प आवळायचा, की गाडी सुरू. बहुतेक वेळा दुखणं एवढंच निघतं आणि तेच आबांना सोसत नाही. इतक्या हौसेनं यावं आणि आजार हा असा! "चालू झाली हे खरं," ते कान टवकारतात, "पण मिसिंग हाय."

मिसिंग शोधण्याचं शास्त्र त्यांनी स्वतःच्या मारुती आठशेवर पक्कं केलं. तीन सिलिंडर, सातशे शहाण्णव सीसी, कार्बोरेटर. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढायची. आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. एकदा अशीच वायर उपसताना त्यांना झटका बसला आणि ते हौदापर्यंत मागं गेले. घरातली माणसं धावली. आबा म्हणाले, "ठिणगी बरोबर यायलीय."

चुडावा पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं गाव. मालगाडीचं डिझेल इंजिन धडधडत गेलं की आबा ओसरीवरून निदान करतात. रेल्वेनं अजून दखल घेतलेली नाही.

उन्हाळ्यात मात्र त्यांचा उपयोग निर्विवाद. परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात एखाद्याच्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकलेला. असा माणूस उतरला की पहिला हात रेडिएटरच्या झाकणाला घालतो. आबा तो हात धरतात. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही पुढं गेलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. "अर्धा घंटा बस. चहा घे." हे म्हणताना आबा गावातले सगळ्यात शहाणे गृहस्थ असतात. अर्ध्या तासानं ते पाणी घालतात, पंखा फिरतो का बघतात आणि तेवढ्यावर थांबतात. म्हणजे थांबायला हवं होतं.

पुतण्यानं नवी गाडी आणली तेव्हा ते दोन दिवस नाराज होते. बॉनेट उघडलं तर इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. "हे कामून झाकलं? काय लपवायलेत?" डिस्ट्रिब्युटर नाही, चोक नाही, उपसायला वायर नाही. पुढं त्या गाडीत पिवळा दिवा लागला. पुतण्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला, मोबाइलवर कोड आला, पी शून्य तीनशे एक. एक नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. "दुखतं कुठं ते कळलं. का दुखतं ते तुझा मोबाइल सांगतो का?" त्यांनी एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करायला लावली. कोड तीनशे दोन झाला. म्हणजे कॉइलच खराब. त्या दिवसापासून स्कॅनर आबांच्या खिशात असतो. पुतण्याला तो मागून घ्यावा लागतो.

मागं शेजारच्या मुलीला बघायला बीडकडचे पाहुणे आले. ओसरीवर मुलाचा पगार, कोरडवाहू किती, बागायती किती, असं चाललेलं. आबा मात्र बाहेर पाहुण्यांच्या गाडीच्या सायलेन्सरमागं उकिडवे बसलेले. आत येऊन त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं.

"निळा धूर हाय."

"म्हणजे?"

"काळा असता तर पेट्रोल जास्त म्हणलो असतो. निळा म्हणजे ऑइल जळायलंय. दोन-दोन वर्षं डिपस्टिक वढून बघत नसतील. अशा घरात पोरगी देतो?"

"आबा, गाडी भाड्याची हाय."

आबांनी क्षणभर विचार केला. "मग सोयरिकीला हरकत नाही. पण डायवरला बोलव."

प्लगवर ऑइल आलंय का ते बघायचं होतं, बाकी काही नाही. पोह्यांच्या ताटल्या विसळून होईपर्यंत चारही प्लग वर्तमानपत्रावर मांडलेले होते. त्यातला एक शेवटच्या आट्यात अडकून निघाला होता आणि आता परत बसायचं नाव घेईना. दिवस मावळला, पाहुण्यांना मुक्काम पडला. रात्री रिकामं बसून करायचं काय, म्हणून दोन्हीकडच्या मंडळींनी याद्या उरकून घेतल्या.

सकाळी प्लग बसला, गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. पाहुणे बसले, दारं लागली, मुलीच्या आईनं हात जोडले. आबांनी बॉनेटवर थाप मारून गाडी बंद करायला लावली.

"टॅपेट वाजायलेत," ते म्हणाले.