फक्त एक भिंत द्या

हातकणंगल्यात तुमच्या घरी कुणी आलं, चहा घेतला, पण बोलताना सारखं तुमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत राहिलं, तर ओळखावं, हा शॉर्टफिल्मवाल्यांचा आर्ट डायरेक्टर. गावात त्याला नुसतं 'आर्ट' म्हणतात. "काय आर्ट, आज कुणाचं घर?"

बारशाला गेला तरी तो पाळण्यात डोकावत नाही. "पोपडे झ्याक हैत ओ, रंगवू नका," असं बाळाच्या आज्जीला बजावून येतो. मयताच्या घरी त्याला खिडकीतून येणारा उजेड दिसतो. तिथं गप्प बसतो, एवढं भान मात्र आहे.

मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे, तिकडं का जात नाही, असं विचारलं तर म्हणतो, "तिथं भाडं पडतंय, हितं चहा मिळतोय." त्याचं बजेट म्हणजे वर्गणी, आणि निम्मी वर्गणी वडापावात जाते. उरलेल्यात दवाखाना, पोलीस ठाणं आणि कोर्ट उभं करायचं. कॅमेऱ्याला मागचं दिसत नाही, हेच त्याचं भांडवल. म्हणून तो खोली मागतच नाही. "वैनी, फक्त एक भिंत द्या," म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत वैनींचा संसार अंगणात आलेला असतो.

इचलकरंजीच्या मागावरचं पांढरं कापड दोरीवर टाकलं, खुंटीला सलाईनची रिकामी बाटली अडकवली, की दवाखाना. पीव्हीसी पाइपांना काळा रंग दिला की लॉकअप. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद शिवकालीन होतो. भरदुपारी रात्र हवी असेल तर खिडकीला घोंगडं. आणि सरकारी कचेरीला काय लागतं? खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल. टॉवेल आला की साहेब आले. नट उशिरा आला तरी चालतो. सगळं जमतं, फक्त आवाज त्याच्या हातात नाही. शिवकालीन खलबत ऐन रंगात आलं की मिरजेची गाडी स्टेशनात शिरते, नाहीतर उसाचा ट्रॅक्टर डेक लावून जातो.

कुणी नाक मुरडलं की तो थेट बाबूराव पेंटरांना साक्षीला बोलावतो. मूळ आडनाव मेस्त्री, आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि पडद्यावर वाडा रंगवून भागत असताना खरोखरचे सेट उभे केले. 1925 च्या 'सावकारी पाश'मधल्या अंधाऱ्या झोपडीबद्दल तर तो असा बोलतो, की तिचं कुडाचं सामान यानंच वाहिलं असावं. बाबूरावांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला होता, हा भाग तो गाळतो. उगाच कुणीतरी म्हणायचं, मग तूही बनव.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या सोप्यात त्यानं तलाठी कचेरी लावली. कमरेपर्यंत हिरवट रंग, वर पिवळट चुना, शाळेतून आणलेला जिल्ह्याचा नकाशा, रद्दीवाल्याकडचे गठ्ठे लाल फडक्यात बांधून कपाटावर. टॉवेल अर्थातच होता. शूटिंगवाले यायचे होते. तेवढ्यात एक म्हातारबाबा चपला बाहेर काढून आत आले आणि सातबाऱ्याचा अर्ज टेबलावर ठेवून हात जोडून उभे राहिले. आर्टचा चेहरा उजळला. असली दाद त्याला जन्मात मिळाली नव्हती.

"साहेब जेवायला गेल्यात," तो म्हणाला, "सोमवारी या."

बाबांनी मान हलवली, अर्ज घडी घालून खिशात ठेवला. मग दारात थांबून चारी कोपऱ्यांत नजर फिरवली. "हे कचेरीच न्हवं," ते म्हणाले. "पिचकारी कुठं हाय?"

आर्टनं कपाळावर हात मारून घेतला. लगेच आत जाऊन त्यानं वैनींकडं वाटीभर कात आणि चुना मागितला. रंग, चुना, नकाशा, गठ्ठे, सगळं मुकाट्यानं सोसलेल्या वैनींनी मग कोपऱ्यातला झाडू उचलला.

"त्यो बी घ्या की ओ कोपऱ्यातनं," आर्ट म्हणाला, "कचेरीत झाडू नसतोय."