डिलनशास्त्री

न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी घराच्या तळघरात पिंगपाँगचं टेबल असतं, लोणच्याच्या बरण्या असतात आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील असतो. शास्त्रीबुवांच्या तळघरात बॉब डिलन आहे. साडेतीनशे कॅसेट, दोन कपाटं भरून रेकॉर्डी, सहा वह्या आणि एक आर्द्रतामापक. लोणचं गॅरेजमध्ये.

शास्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे. डिलनचा कीस पाडणाऱ्यांना अमेरिकेत डिलनॉलॉजिस्ट म्हणतात, त्याचं मी केलेलं हे मराठी. ही पदवी कुठलंही विद्यापीठ देत नाही, ज्याची त्यानं घ्यायची असते. या शास्त्राचा आद्यपुरुष ए. जे. वेबरमन. १९७० च्या सुमारास हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवर डिलनच्या दारातला कचऱ्याचा डबा उपसत असे. कशासाठी, तर गाण्यांचा अर्थ सापडेल म्हणून. सापडले ते बाळांचे डायपर. ही गोष्ट सांगताना शास्त्रीबुवा हसतात, पण वेबरमनला नावं ठेवत नाहीत. "पद्धत बरोबर होती रे," ते म्हणतात, "अर्थ लावायला चुकला."

हा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. पुण्यात तो सवाई गंधर्वला पहिल्या दहा रांगांत मांडी घालून बसतो आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना सांगतो, "आजचा मारवा ठीक. पण पासष्ट सालचा ऐकलायस का?" पासष्ट साली तो स्वतः रांगत असतो. शास्त्रीबुवांचंही तसंच. २५ जुलै १९६५ ला डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा हे डोंबिवलीत बालवर्गात होते. पण त्या दिवशीची हुर्यो गिटारीमुळे नव्हती, आवाज फाटत होता म्हणून होती, हे ते इतक्या ठामपणे सांगतात की तिथल्या वायरी यांनीच जोडल्या असाव्यात. डिलनशी त्यांची गाठ पडली ती पवईच्या हॉस्टेलवर, कुणाच्या तरी घासलेल्या कॅसेटवर. अमेरिकेला यायचं कारण एमएस. न्यू जर्सीला राहायचं कारण मात्र वेगळं. १९६१ मध्ये आजारी लोकगायक वुडी गथ्रीला भेटायला डिलन जिथं गेला, ते ग्रेस्टोन इस्पितळ न्यू जर्सीतच होतं. वहिनींना ते लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिथं घेऊन गेले. ते मनोरुग्णांचं इस्पितळ आहे हे त्यांना तिथं पोचल्यावर कळलं. वहिनी कुडाळच्या. कुठल्या प्रसंगाला किती घाबरायचं, याचं त्यांचं गणित पक्कं आहे.

तळघरातला मुख्य देव म्हणजे मँचेस्टर. १७ मे १९६६ ला तिथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलन वीज जोडलेली गिटार वाजवत असताना प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "जुडास!" येशूला पकडून देणारा तो जुडास. लोकसंगीताशी गद्दारी केली, असा त्याचा अर्थ. या कार्यक्रमाच्या चोरट्या रेकॉर्डी वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या म्हणून विकल्या गेल्या. अधिकृत ध्वनिमुद्रण आलं १९९८ मध्ये, आणि त्याच्याही वेष्टनावर रॉयल अल्बर्ट हॉल अवतरणचिन्हांत कायम ठेवला, कारण चाहत्यांना चुकीचीच सवय झाली होती. ओरडणारा मीच, असं सांगणारे पुढं एकाहून अधिक निघाले. त्या सगळ्यांची शास्त्रीबुवांकडे फाइल आहे. फाइलवर पेन्सिलीनं लिहिलंय : निकाल प्रलंबित.

तर २००७ साली या माणसाच्या आयुष्यात 'आय ॲम नॉट देअर' हा सिनेमा आला.

दिग्दर्शक टॉड हेन्स. यानं डिलनवर सिनेमा काढला आणि त्यात डिलन नावाचं पात्रच ठेवलं नाही. त्याऐवजी सहा जण, सहा नावांचे. अकरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मार्कस कार्ल फ्रँकलिन, तो स्वतःला वुडी गथ्री म्हणवतो. क्रिश्चन बेल, हीथ लेजर, बेन व्हिशॉ. रिचर्ड गीअर हा बिली द किड. आणि १९६६ चा, विस्कटलेल्या केसांचा, काळ्या चष्म्याचा, सगळ्यात डिलनसारखा दिसणारा डिलन म्हणजे केट ब्लँचेट.

बातमी आली त्या रविवारी शास्त्रीबुवांनी पोह्यांना हात लावला नाही.

"बाई?" ते म्हणाले. "सहासष्ट सालचा डिलन, आणि बाई?"

"अहो, त्यात काय," वहिनी म्हणाल्या. "बालगंधर्व नव्हते का?"

"ती गोष्ट वेगळी."

"ती उलटी. तेवढाच फरक."

शास्त्रीबुवांना बाई एक वेळ चालली असती, मुलगाही चालला असता. गीअर मात्र घशाखाली उतरेना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात गीअरनं शिल्पा शेट्टीच्या गालाचे मुके घेतले होते आणि भारतात त्याचे पुतळे जळले होते. डोंबिवलीहून त्यांच्या आईंचा फोन आला की "तुझ्या त्या बॉबचं काम म्हणे तो शिल्पावाला करतोय," तेव्हा त्यांनी तीस वर्षांच्या भक्तीत पहिल्यांदा, डिलनशी आपला फारसा संबंध नाही, असा सूर लावला.

पाहायचा नाही, हे ठरलं. मग, पाहायचा पण पैसे द्यायचे नाहीत, असं ठरलं. मग हेन्सचा पूर्वेतिहास तपासला गेला. १९८७ मध्ये यानं कॅरन कारपेंटर या गायिकेवर बार्बी बाहुल्या घेऊन सिनेमा केला होता. तिच्या भावानं कोर्टात खेचल्यावर तो मागे घ्यावा लागला. "म्हणजे आपल्याला निदान माणसं मिळाली," असं म्हणून शास्त्रीबुवांनी पहिल्याच आठवड्याची तीन तिकिटं काढली. तिसरं माझं. डिलनमधलं ओ की ठो न कळणारा एक साक्षीदार त्यांना हवा होता.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, हाडं गोठवणारी थंडी. थिएटर ग्रीनिच व्हिलेजच्या अंगाला. पण थेट थिएटरात जाणं म्हणजे पायऱ्यांवर डोकं न टेकवता गाभाऱ्यात घुसण्यासारखं. आधी १६१ वेस्ट फोर्थ स्ट्रीट, तिथं तो राहायचा. मग जोन्स स्ट्रीट. १९६३ च्या 'फ्रीव्हीलिन' रेकॉर्डच्या वेष्टनावर डिलन आणि त्याची मैत्रीण सूझ रोटोलो एकमेकांना बिलगून रस्त्याच्या मधोमध चालताना दिसतात, तो हा रस्ता. वहिनींनी फोटोला साफ नकार दिला. त्यांनी तो १९९१ मध्ये काढून घेतला होता, आणि तेव्हा मागून आलेल्या टॅक्सीवाल्यानं उच्चारलेले शब्द त्यांच्या अजून लक्षात होते. मग माझा दंड पकडून शास्त्रीबुवा रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले. तो फोटो आजही तळघरात आहे. त्यात मी सूझ रोटोलो आहे.

थिएटरात शिरलो आणि लक्षात आलं की शास्त्रीबुवा एकटे नाहीत. पांढऱ्या शेंड्या, कॉर्डुरॉयची जाकिटं, खिशाला पेन. सव्वादोन तास हे लोक सिनेमा बघत नव्हते, पेपर तपासत होते. अंधारात चुका पकडल्याचे आवाज येतात, हे मला तेव्हा कळलं. इंग्रजीत तो आवाज नाकातून येतो, मराठीत जिभेनं 'च्च' असा होतो. शास्त्रीबुवांनी पहिल्या अर्ध्या तासात अकरा वेळा 'च्च' केलं. मुलगा १९५९ मध्ये मालगाडीतून पळतोय? च्च. गिटारीच्या पेटीवरची अक्षरं? च्च. त्याला देवमासा गिळतो, तिथं मात्र आवाज थांबला, कारण देवमाशाची तारीख वहीत नव्हती.

मग न्यूपोर्ट आलं. ब्लँचेट आणि तिचे साथीदार स्टेजवर येतात, पेट्या उघडतात, आणि गिटारींऐवजी मशीनगन काढून प्रेक्षकांवर गोळ्या झाडतात. थिएटर हसलं. शास्त्रीबुवा हसले नाहीत. ते हळूच खुर्चीत खाली सरकले. चाहत्यांवर झाडलेल्या गोळ्यांतली एक आपल्यासाठी होती, हे त्या अख्ख्या थिएटरात फक्त त्यांनाच कळलं असावं. माझ्या मते त्या दिवशी सिनेमा खऱ्या अर्थानं पाहिला तो त्यांनी, आणि तोही तेवढे दहा सेकंद.

वहिनी मात्र पहिल्यापासून रंगल्या होत्या. गीअरच्या गावात लोक चेहरे रंगवून फिरतात आणि रस्त्यावरून जिराफ जातो, तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यो जिराफ हंय कित्याक इलो?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "आमच्याकडे संकासुर येतो तसा." बाहेर पडल्यावर त्यांनी निकाल दिला तो एका वाक्याचा : हा दशावतार आहे. देव एक, सोंगं निरनिराळी, बाईचं काम पुरुष करतो, राजा संवाद ऐनवेळी रचून बोलतो, आणि पहाटेपर्यंत कुणी विचारत नाही की खरा विष्णू कुठला.

त्या सिनेमावर मी पुढं बरीच परीक्षणं वाचली. याच्या पलीकडं फारसं कुणी गेलेलं नाही.

फुटपाथवर तोवर अधिवेशन भरलं होतं. एक शेंडीवाला म्हणत होता, डिलनवर असाच सिनेमा होऊ शकतो. दुसरा म्हणत होता, हा डिलनचा अपमान आहे. दोघांनीही तो कळला नसल्याचं एकमेकांना सांगितलं आणि एकमेकांचे ईमेल घेतले. कोपऱ्यात एक तरुण मुलगी हीथ लेजरचा संसार मोडला म्हणून डोळे पुसत होती. तिला डिलनची तीन गाणीसुद्धा येत नसावीत. सगळ्या शेंड्या तिच्याकडे दयेनं बघत होत्या. तिकिटाचे पैसे वसूल झाले होते ते तिचेच.

परतीच्या गाडीत मी धीर केला. "शास्त्रीबुवा, हा माणूस न्यूयॉर्कला आला तेव्हा सांगायचा की मी सर्कशीबरोबर गावोगाव हिंडलोय. वडिलांचं हिबिंगला विजेच्या उपकरणांचं दुकान. आडनाव झिमरमन, तेही बदललं. एवढ्या थापा मारणाऱ्याचा सिनेमा तारीखवार खरा कसा असेल?"

"त्या त्याच्या त्यानं मारायच्या असतात."

"बरं, १९७८ मध्ये त्यानंच काढलेला 'रेनाल्डो अँड क्लारा' घ्या. जवळपास चार तासांचा. त्यात बॉब डिलनचं काम रॉनी हॉकिन्सनं केलंय, डिलननं नव्हे. हे तुम्हीच सांगितलंत मला."

यावर ते नेवार्क येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग खरं दुखणं बाहेर आलं. ते बाईचं नव्हतं, गीअरचंही नव्हतं.

"ते गाणं," ते म्हणाले. "त्यांनी ते गाणं बाजारात आणलं."

सिनेमाला नाव ज्यावरून मिळालं ते 'आय ॲम नॉट देअर' हे गाणं डिलननं १९६७ मध्ये बँडच्या मंडळींबरोबर एका तळघरात टेपवर घेतलं होतं. अर्धवट, पुटपुटलेलं, निम्मे शब्द न कळणारं. चाळीस वर्षं ते अधिकृतपणे कुठंही निघालं नाही. चोरट्या रेकॉर्डींवर असायचं, म्हणजे ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडंच होतं. एका तळघरातून दुसऱ्या तळघरात. शास्त्रीबुवांनी ते १९८९ मध्ये ट्रेंटनच्या एका माणसाकडून तीन कॅसेटच्या बदल्यात मिळवलं होतं, शब्द लावायला एक अख्खी वही घातली होती, आणि घरी आलेल्या माणसाची पात्रता बघून, दिवे मंद करून, ते ऐकवलं जायचं. मला ते नऊ वर्षांनी ऐकवलं होतं. आता सिनेमाच्या गाण्यांच्या सीडीवर ते सरळ दुकानात मिळत होतं. कुणालाही. लेजरसाठी रडणाऱ्या त्या मुलीलासुद्धा.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. घरची पूजा सार्वजनिक गणपतीत बसवली की बरं वाटत नाही माणसाला.

पुढचं सगळं क्रमानं झालं, कारण या जातीचा स्वभाव ठरलेला आहे. ब्लँचेटला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार आधीच मिळाला होता. तो शास्त्रीबुवांनी दोन महिन्यांनी मान्य केला. जानेवारी २००८ मध्ये लेजर गेला, तेव्हा ते हळहळले आणि त्याचा भाग चांगला होता म्हणाले. डीव्हीडी आली ती 'संदर्भासाठी' घेतली. २०१२ मध्ये डिलननं एका मुलाखतीत सिनेमा ठीक वाटल्याचं सांगितलं आणि नटांचं कौतुक केलं. त्यानंतर शास्त्रीबुवा फोनवर म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो." मी विरोध केला नाही. २०१६ च्या नोबेलचंही त्यांनी असंच, घरचं कार्य असल्यासारखं, अभिनंदन स्वीकारलं होतं. डिलन समारंभाला गेला नाही. शास्त्रीबुवांनी मात्र आम्हा सगळ्यांना जेवायला घातलं.

२०२४ च्या नाताळात 'अ कम्प्लीट अननोन' आला. एकच नट, टिमथी शालामे. पात्राचं नाव बॉब डिलन. आरंभ, मध्य, शेवट. २००७ मध्ये जे जे हवं होतं ते सगळं. एडिसनच्या थिएटरात आम्ही तिघं पुन्हा त्याच क्रमानं बसलो.

"फारच सरळ आहे," शास्त्रीबुवा विसाव्या मिनिटाला पुटपुटले. "हेन्सला डिलन कळला होता."

मग न्यूपोर्ट आलं, १९६५ चं. गिटार कडाडली, हुर्यो झाली, आणि पडद्यावरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "जुडास!"

साठी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस खुर्चीतून एवढ्या वेगानं उठू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. "मँचेस्टर!" ते गरजले. "सहासष्ट! मे महिना!" थिएटर अवाक् झालं. मागून कुणीतरी त्यांना बसायला सांगितलं, वेगळ्या शब्दांत. वहिनींनी सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं आणि पॉपकॉर्न हातात दिलं.

मँचेस्टरला नेमकं कोण ओरडलं, याची फाइल अजून प्रलंबित आहे. एडिसनला कोण ओरडलं, याला मी आणि वहिनी साक्षीदार आहोत.