खिळा न ठोकता घर

पुण्यातील सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला बहुधा खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळते. या पद्धतीला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. तीत एक लोखंडी कॉट, तिच्याखालची फरशी, तिच्यावरची हवा आणि इतरांकडून उरलेला पंख्याचा वारा एवढा ऐवज दरमहा आगाऊ रकमेवर दिला जातो. खोलीला घरपण आणणे म्हणजे प्रत्यक्षात सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जागेला घरपण आणणे. उरलेली खोली रूम पार्टनरांची असते आणि भिंती मालकांच्या.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट असावी लागते. एवढ्या खोलीत चार कॉट मांडल्या की 72 चौरस फूट जागा संपते. उरलेल्या तीस चौरस फुटांत दार उघडणे, चौघांनी कपडे बदलणे, बादल्या ठेवणे आणि उजळणी म्हणून येरझाऱ्या घालणे ही कामे पाळीपाळीने उरकतात. तेवढ्याच जागेत पाचवी कॉट बसेल काय, याचा अभ्यास मालकांकडून वर्षभर चालू असतो.

ही जागा विद्यार्थ्याचे घर होणार नाही, याची तजवीज कायद्याच्या भाषेत आधीच झालेली असते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात राहणारा भाडेकरू नव्हे, तर परवानाधारक ठरतो. त्याला जागा वापरण्याची मुभा मिळते, जागेत हक्क मिळत नाही. करार अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली आणि ती चुकवण्यासाठी हा आकडा रूढ झाला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 ने मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदवलेला हवा असे ठरवले, जबाबदारी मालकावर टाकली आणि कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. अकरा महिन्यांमागचे कारण गेले, अकरा महिने राहिले. कॉट बेसिसवर तर करारापर्यंत गोष्ट अनेकदा जातच नाही. दोनशे पानी वहीत नाव, गाव, वडिलांचा फोन आणि मिळालेली रक्कम लिहिली की विधी पूर्ण होतो.

अशा जागेला घर म्हणावे काय, हा प्रश्न करखात्याच्या दारातही जाऊन आला आहे. पेइंग गेस्ट आणि वसतिगृहातील खोली हे निवासी घर नव्हे, सबब भाड्यावर 12 टक्के जीएसटी लागेल, असा निर्णय कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने 2023 मध्ये दिला. त्यानंतर जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने माणशी दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासाला सूट देण्याची शिफारस केली. अट एवढीच की मुक्काम सलग 90 दिवसांचा असावा. परक्या जागेला घरपण यायला नेमका किती वेळ लागतो, याचे उत्तर त्यामुळे प्रथमच सरकारी पातळीवर निश्चित झाले.

खोलीत काय मांडावे यापेक्षा काय मांडू नये, याची माहिती अधिक सुलभ असते, कारण ती जिन्यात पाटीवर लिहिलेली असते. खिळा ठोकू नये. हीटर व शेगडी लावू नये. पाहुणे मुक्कामी आणू नयेत. कपडे गॅलरीत रस्त्याच्या बाजूला वाळत घालू नयेत. मुलींच्या वसतिगृहांत याला दार बंद होण्याच्या वेळेची जोड मिळते. जाहिरातीत मात्र ‘घरासारखे वातावरण’ असते आणि त्यात खोटे काही नसते. घरातल्या सोयी आणणे खर्चाचे असल्यामुळे सुरुवात घरातल्या धाकापासून केलेली असते.

या नियमांत खिळ्याचा नियम सर्वांत कडक आहे आणि त्याला इतिहास आहे. पेठांतील जुन्या वाड्यांत कोनाडे, फडताळे आणि लाकडी खुंट्या बांधकामातच असत. विद्यार्थी सदरा खुंटीला, दिवा कोनाड्यात आणि पुस्तके फडताळात ठेवी. खिळ्याची गरज नव्हती आणि म्हणून बंदीही नव्हती. वाडे पडले, त्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या, भिंती सपाट झाल्या आणि त्यांवर काही टांगायचे तर खिळ्यावाचून मार्ग उरला नाही. नेमक्या त्याच वेळी खिळा निषिद्ध झाला. तेव्हापासून विद्यार्थ्याची गृहसजावट म्हणजे मागे पुरावा न सोडता संसार मांडण्याचे शास्त्र झाले आहे.

या शास्त्राची साधने मोजक्या ठिकाणी मिळतात. बादली, मग, दोरी, कुलूप आणि प्लॅस्टिकचे रॅक रविवार पेठेतील बोहरी आळीत. ताट, वाटी, आरसा आणि चादर तुळशीबागेत. टेबल-खुर्ची, टेबलफॅन आणि पूर्वी कोणाचा तरी असलेला लोखंडी रॅक बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. पुस्तके अप्पा बळवंत चौकात. खरेदीला एकटे जायचे नसते. आधीच्या वर्षी आलेला गाववाला बरोबर असतो आणि तुळशीबागेत भाव कितीने पाडावा याचे मार्गदर्शन तो दुकानदाराच्या देखत करतो.

मांडणीचा आरंभ गादीपासून होतो. खोलीसोबत मिळालेल्या गादीत आधीच्या परीक्षार्थींच्या पाठीचे ठसे कायम झालेले असतात. नव्याने आलेल्याने त्यांपैकी आपल्या मापाचा निवडावा. गादीवर घरून आणलेली गोधडी येते. आईच्या जुन्या लुगड्यांची ही गोधडी म्हणजे खोलीतील एकमेव अशी वस्तू, जिच्यावर मालकांना आक्षेप घेता येत नाही आणि रूम पार्टनरला हक्क सांगता येत नाही. तो थंडीत तसा प्रयत्न करतो. कॉटखाली ट्रंक किंवा सूटकेस, तिच्यामागे चपला आणि सर्वांत आत, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, गावाकडून आलेला लाडवांचा डबा. तो अन्य ठिकाणी ठेवल्यास सार्वजनिक वितरण व्यवस्थेत मोडतो.

विजेचा प्रश्न त्यानंतर येतो. खोलीत सॉकेट एक असते आणि ते दाराच्या मागे असते. त्यातून निघालेला एक्स्टेंशन बोर्ड दुसऱ्या बोर्डाला आणि दुसरा तिसऱ्याला जोडून वीज चौथ्या कॉटपर्यंत नेली जाते. एकाच सॉकेटवर किटली आणि इस्त्री एकदम लावल्यास वायर तापते, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते; पण तो भाग पूर्वपरीक्षेचा असल्यामुळे खोलीत लागू होत नाही.

भिंत मालकांची असली तरी तिच्यावर दोन बाजूंनी चिकटणारी टेप चालते, असा या क्षेत्रातील सर्वमान्य अन्वयार्थ आहे. भिंतीवर भारताचा आणि महाराष्ट्राचा नकाशा, वेळापत्रक, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या संभाव्य तारखा आणि गणवेशातील एखाद्या अधिकाऱ्याचे छायाचित्र असा क्रम असतो. वेळापत्रक पहाटे पाचला सुरू होते आणि लावल्याच्या तिसऱ्या दिवसापासून निव्वळ शोभेची वस्तू ठरते. परीक्षेच्या तारखांच्या रकान्यात खाडाखोड अधिक असते, पण तो हात विद्यार्थ्याचा नसतो. खिडकीला पडदा म्हणून जुनी साडी किंवा चादर चालते. ती सुतळीवर बांधतात आणि सुतळी गजांना, कारण गज मालकांनी स्वतः बसवलेले असतात.

पुस्तकांचा फर्निचर म्हणून उपयोग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एम. लक्ष्मीकांत यांचा राज्यव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथ जवळपास प्रत्येक खोलीत आढळतो. तो दिवसा लॅपटॉपखाली, दुपारी उशीखाली आणि पावसाळ्यात दार आपटू नये म्हणून दाराशी असतो. मूलभूत हक्कांचे प्रकरण त्यातून अनेकदा वाचले जाते. ते भाड्याच्या जागेला कितपत लागू होते, याची चौकशी सहसा होत नाही. मासिके आणि वर्तमानपत्रे खणांत अंथरली जातात आणि उरलेली महिनाअखेरीस रद्दीत जाऊन चहाचा खर्च भागवतात.

घरपणाचा मोठा भाग पोटातून येतो, हे पूर्वीच्या शिक्षणप्रसारकांना ठाऊक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरी सात दिवस. आजची ‘घरगुती मेस’ ही सोय एकाच घरी करते आणि सातही दिवस बटाटा ठेवते. रविवारी दुपारी गोड असते, त्याचा खर्च संध्याकाळी मेस बंद ठेवून वसूल होतो. मेसचालकांकडून मंगळसूत्राची अपेक्षा कोणी करत नाही. तिसरी पोळी हसून वाढली तरी पुष्कळ.

मेसची उणीव शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि इलेक्ट्रिक किटली भरून काढतात. किटली पाणी तापवण्यासाठी असते, असे मालकांना सांगितलेले असते. प्रत्यक्षात तीत मॅगी, अंडी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री खिचडी होते. तिचा वास जिन्यात गेला की खोलीची झडती होते आणि किटली गोधडीखाली जाते. गोधडीचा हा दुसरा उपयोग आईला माहीत नसतो.

आई-वडिलांची भेट ही सजावटीची अधिकृत तपासणी होय. गाडी स्वारगेटला किंवा वाकडेवाडीला लागल्याचा फोन येताच चौघे मिळून खोली झाडतात, पुस्तके उघडी मांडतात आणि वेळापत्रकावरची धूळ पुसतात. वडील नळ सोडून पाहतात आणि भाडे विचारतात. आई काहीच विचारत नाही. ती बादली घासायला घेते. ‘सगळं आहे की’ असा शेरा मिळाला की खोली घर म्हणून उत्तीर्ण झाली असे समजतात. उत्तीर्ण होण्याचा हा प्रसंग काहींच्या वाट्याला त्या वर्षी एकदाच येतो.

विद्यार्थ्याची खोली कायमची टिकण्याचा मार्ग एकच आहे: राहणाऱ्याने इतिहास घडवणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये ज्या 10, किंग हेन्रीज रोड येथील घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेऊन त्याचे स्मारक केले. तेथे आता त्यांची पुस्तके आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. घर ज्या भागात आहे त्या कॅम्डेनच्या स्थानिक प्रशासनाने मात्र संग्रहालयाची परवानगी नाकारली होती. निवासी जागा कमी होते, हे कारण होते. ती परवानगी ब्रिटिश सरकारने मार्च 2020 मध्ये दिली. पेठेतील मालकही या मार्गाला विरोध करणार नाहीत. स्मारकासाठी खिळे मात्र सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर ठोकावेत, एवढे ते करारात घालून घेतील.

बाकी सर्वांना खोली सोडावी लागते. निकाल काहीही लागो, रॅक, टेबल आणि बादली मागून आलेल्या गाववाल्याला निम्म्या किमतीत जातात. लक्ष्मीकांत नवी आवृत्ती येईपर्यंत विकला जातो. टेपने उखडलेल्या रंगावर पांढरी टूथपेस्ट भरतात, पण भिंत पिवळट असल्याने ती उठून दिसते. मग हिशेब होतो. डिपॉझिटमधून वीजबिल, रंगकाम आणि ‘पंखा जुना झाला’ या सदराखालील रक्कम वजा होते. रंगकाम पुढच्या मुलाच्या हिशेबातही वजा होणार असल्याने ते प्रत्यक्ष करण्याची घाई नसते. उरलेली रक्कम नवा विद्यार्थी डिपॉझिट भरेल तेव्हा मिळते. अशा रीतीने प्रत्येकाचे पैसे त्याच्यानंतर येणाऱ्याच्या खिशात असतात, आणि जून महिन्यात ते मालकांच्या खिशातून जात असले तरी तेथे थांबण्याची त्यांना सवय आहे.