खुडूक

थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा पेपरात आमच्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त वेळा येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो घसरला, की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि आमची गावरान कोंबडी हमखास खुडूक होते. बाकीचं वर्ष तिला मोकळंच असतं.

खुडूक कोंबडी म्हणजे सोवळ्यातली आजीच. हात लावायची सोय नाही. छातीची पिसं उपटून उघडी कातडी अंड्यांना लावते, दिवसातून एकदा दाणे टिपायला उठते आणि कुणी जवळ गेलं की अंग फुलवून चोच मारते. आईने तिच्याखाली ९ अंडी ठेवली. "उन्हाळ्यात १२ चालतात. थंडीत कडेची गार पडतात," इति आई.

धाकट्या भावाला हे शास्त्र जुनाट वाटलं. उरलेल्या अंड्यांसाठी त्याने उबवणी यंत्र आणलं. ३७.५ अंश तापमान, अंडी आपोआप फिरणार, सगळी चैन. फक्त लाईट हवी. ती गेली की यंत्रावर गोधडी पडायची. गोधडी माझी असायची.

२१ व्या दिवशी दोन्हीकडे अंडी फुटली. कोंबडीची पिल्लं वाळली आणि तिच्या पंखाखाली गेली, विषय संपला. यंत्राची पिल्लं खोक्यात भुशावर आली आणि घराला बाळंतपण लागलं. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी पिवळा बल्ब हवा. दुकानदार म्हणाला, "एलईडी न्या, अजिबात तापत नाही." तापत नाही हीच तर अडचण होती!

भाऊ तासातासाला थर्मामीटर बघायचा. आई नुसती खोक्यात डोकवायची. पिल्लं बल्बाखाली एकमेकांवर चढून कलकलाट करताहेत, म्हणजे गारठलीत. लांब पळून चोच वासून धापा टाकताहेत, म्हणजे उकडतंय. खोकाभर पांगून झोपलीत, म्हणजे आपणही झोपावं. भावाने गोणपाटाने खोका गच्च बंद केला, तेव्हा तिने वरची फट उघडून त्याचंच डोकं आत घातलं. ओल्या भुशाच्या वासाने डोळे चुरचुरल्यावर त्याला वायुवीजन समजलं. शाळेत दोन वर्षं शिकवूनही समजलं नव्हतं.

अंगावर पुरती पिसं यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर आमच्या घरात बल्ब पिल्लांना, गोधडी पिल्लांना आणि जागरण माणसांना, अशी वाटणी होती. तिकडे कोंबडी आपली पोरं घेऊन उकिरडा उकरत हिंडत होती. तिला ना लाईट लागली, ना थर्मामीटर.

तेव्हा थंडीत पिल्लं काढायचीच असतील, तर आधी खुडूक कोंबडी शोधा. यंत्र शेजाऱ्याला घेऊ द्या.