तीस अंशांचा गृहस्थ

योकोहामाच्या मिदोरी वॉर्डात, भारतीय शाळेच्या ओढीनं आपली कुटुंबं जिथे येऊन राहतात त्या किरिगाओकाच्या आसपास, हा गृहस्थ हमखास भेटतो. हुद्द्यानं सॉफ्टवेअरवाला, वृत्तीनं सुतार. शनिवारी होम सेंटरमधून टू-बाय-फोर लाकूड कापून आणतो आणि बैठकीच्या खोलीत झोळीचा स्टँड उभारतो. लोक म्हणतात, लोळायची सोय, दुसरं काय! मला हे पटत नाही. तो आळशी नाही, भाडेकरू आहे. कोकणातल्या घरात झोपाळ्याच्या कड्या तुळईत कायमच्या ठोकलेल्या असतात. इथे छत जिप्समचं, आणि घर सोडताना भोकांचा हिशेब अनामत रकमेतून चुकता होतो. बाल्कनीत टांगावी, तर ती आगीत पळायची वाट. शेजाऱ्याकडची पातळ फळी ‘प्रसंगी मला फोडून पलीकडे जा’ असं अंगावरच लिहून उभी. ज्याला खिळा ठोकायची मुभा नाही त्यानं आपली तुळई बरोबर बाळगावी, यात आळस कुठे आला?

तयार स्टँड मिळतो की, असं कुणी म्हणेल. मिळतो, पण त्यावर पाहुण्यांना व्याख्यान देता येत नाही. आमच्या गृहस्थाचा चहा तीस अंशांनंतरच येतो. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असली की ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर ७० किलोच ताण. हौसेनं झोळी ताणून १५ अंशांवर नेलीत, तर तोच १३५. शिवाय दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढली जातात, ३० अंशांनाही सुमारे ६० किलोंनी. छत आणि जमिनीत दाबून बसवायचे खांब म्हणूनच कुचकामी: ते शेल्फ पेलतात, जावई नाही. यानं दोन टोकांना दोन तिवया केल्या, वर आडवा दांडा टाकला. ओढ दांडा सोसतो, भिंतीला पत्ताही लागत नाही. तीन मीटरचा दांडा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून १.८२ मीटरचे दोन तुकडे, ६० सेंटिमीटर एकमेकांवर चढवून, बोल्ट आणि विंग नटांनी आवळलेले.

सहा तातामी चटयांच्या खोलीत हा मांडव कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. खोलीची लांबी जेमतेम ३.६ मीटर; स्टँड उभा असताना कपाट उघडायचं तर झोळीखालून रांगावं लागतं. पण फुतोनची गादीही सकाळी घडी होऊन ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, जातेच ना? नट सैल केले की स्टँडही तिच्या शेजारी. मग सोफासेट घेऊन खोली कायमची अडवणाऱ्यांपेक्षा हाच जास्त जपानी ठरतो. भूकंपाचं भय दाखवाल, तर १९२३ च्या ढिगाऱ्यावर यामाशिता पार्क रचणाऱ्या या शहरात ते रास्तच आहे; म्हणून तर त्यानं झोळी जमिनीपासून हातभरच उंच ठेवली.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही: तो तीत झोपत नाही. आडवा होतो, कुठेतरी करकर ऐकतो आणि पाना घेऊन खाली उतरतो. तोवर मुलांनी झोळीचं जहाज केलेलं असतं, आणि हा पुढचा स्टँड ॲल्युमिनियमचा का हवा, ते खलाशांना समजावू लागतो.