आखूडशिंगी, बहुदुधी

आमचे दाजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये बैल आहेत. घरीही त्यांना ही पदवी अधूनमधून मिळते, पण ती ताई देते. खेळातली त्यांनी स्वतः मागून घेतली. २००४ साली आलेला हा खेळ २०१९ च्या ऑगस्टमध्ये जुन्या रूपात, 'क्लासिक' म्हणून पुन्हा उघडला, तेव्हा दाजींनी होर्डचा पक्ष धरला आणि ड्रुइड व्हायचं ठरवलं. या जुन्या रूपात होर्डमध्ये ड्रुइड व्हायचं तर टॉरेनच व्हावं लागतं. म्हणजे शिंगं, शेपूट, खूर, सगळं आलं.

गिल्डला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीला, ड्रुइड हवा असतो तो आखूडशिंगी, बहुदुधी आणि कमी खाणारा. त्याने जखमा भराव्यात, वेळ पडली तर अस्वल होऊन मार खावा, मांजर होऊन ओरबाडावं, आणि यातलं काहीही केल्याची वाच्यता करू नये. प्रत्येक कामात त्याच्याहून सरस असा कुणीतरी शेजारी उभा असतोच. लग्नघरात दाजींचं असंच चालतं. आचारी वेगळा, यजमान वेगळा, पण जिलबी कमी पडणार हे आधी दाजींना कळतं.

मागच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे पुण्याला मुक्कामाला होतो. सर्व्हर युरोपातला, तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. चाळीस जणांची फौज मोल्टन कोअर नावाच्या गुहेत शिरण्याआधी दाजी आठही तुकड्यांवर 'गिफ्ट ऑफ द वाइल्ड' हा आशीर्वाद टाकत होते. दर तुकडीमागे एक रानमुळी खर्च होते आणि ती पदरच्या पैशाने आणायची. मी म्हटलं, "अहो दाजी, वर्गणी काढा की!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच वर्गणी बुडवली असावी.

मग लढाई. समोर गेहेनास नावाचा राक्षस. याचा शाप लागला की औषधाचा गुण पाऊणपट कमी होतो. शाप उतरवणं मेज (म्हणजे जादूगार) आणि ड्रुइडचं काम. पण मेजांना आगीचे गोळे फेकण्यातून सवड कुठली! दाजी एकेकाचा शाप उतरवत फिरत होते, दृष्ट काढणाऱ्या आजीसारखे. त्यांचा मोठा उपचारमंत्र साडेतीन सेकंदांचा. तेवढ्यात पेशंट जायचा. म्हणून घाव पडायच्या आधीच ते मंत्र सुरू करतात आणि घाव पडला नाही तर मध्येच सोडून देतात. शिवाय साठाव्या पायरीला पोचूनही वापरतात ती चौथ्या प्रतीची स्वस्त आवृत्ती, मना, म्हणजे मंत्रशक्ती, वाचावा म्हणून. वाचलेला मनाही स्वतःसाठी नसतोच. 'इनर्व्हेट' नावाचं मना भरून देणारं सलाईन त्यांच्याकडे आहे, ते जातं बरं करणाऱ्या प्रीस्टला.

खरा कस लागतो 'रीबर्थ'चा. चालू लढाईत दुसऱ्याला उठवायची विद्या फक्त ड्रुइडकडे, आणि तीही अर्ध्या तासात एकदा. तीन शिकारी मरून पडल्या पडल्या आर्जवं करत होते. दाजी ढिम्म. मिनिटभराने एक प्रीस्ट कोसळला आणि त्याला त्यांनी तत्क्षणी उभं केलं. शिकाऱ्यांनी काय लिहिलं ते इथे छापता येणार नाही.

तेवढ्यात सगळ्यांच्या वतीने मार खाणारा टँक मेला. दाजी अस्वल झाले आणि दुसरा टँक येईपर्यंत सहा-सात सेकंद तोंडावर मार खात उभे राहिले. तो आला, दाजी मेले, गेहेनासही मेला. लगेच कुणीतरी कामगिरीचं मीटर चिकटवलं: मारणाऱ्यांत दाजी तळाला, बरे करणाऱ्यांत सातवे. अस्वलाच्या त्या सात सेकंदांना मीटरमध्ये रकानाच नाही. मला राग आला. दाजी मात्र शाप उतरवल्याचे आकडे बारकाईने वाचत होते. ती यादी बाकी कुणी उघडत नाही.

आता मेलेल्यांना उठवायचं. लढाई संपल्यावर उठवायची साधी विद्या प्रीस्ट आणि शमनकडे असते, ड्रुइडकडे ती नाही. त्यामुळे आधी उठवू शकणारे उठतात, मग त्यांच्या ओळखीचे, आणि शेवटी बैल. दाजींना हा क्रम पाठ आहे. ते हेडफोन काढून चहा टाकायला गेले.

इकडे पडद्यावर एकेक जण उभा राहिला. मेल्यावर सगळ्यांचे आशीर्वाद उतरलेले. भराभर ओळी उमटू लागल्या: ड्रुइड कुठाय? गिफ्ट? ड्रुइड?

मी दबक्या आवाजात हाक मारली, "दाजी, बैल उठवलाय!"

"आलो," आतून आवाज आला. "तुला साखर किती रे?"